मुद्दल परत आले की उत्पन्न झाले? रीट, इन्व्हिट आणि आयडीसीडब्ल्यूच्या पैशांवरील कराचा हिशोब

रीट (भाड्याच्या इमारतींत पैसा गुंतवणारा ट्रस्ट) किंवा इन्व्हिट (टोल रस्त्यांसारख्या पायाभूत मालमत्तांत गुंतवणारा ट्रस्ट) यांची युनिट्स घेतली की दर तीन महिन्यांनी बँकेत एक रक्कम जमा होते. बहुतेक नवे गुंतवणूकदार तिला सरसकट ‘डिव्हिडंड’ म्हणतात. काही जण ती सगळी उत्पन्नात दाखवून नको तेवढा कर भरतात. काही जण ‘यावर कर नसतो’ असे कुठेतरी ऐकून ती दाखवतच नाहीत. त्या एकाच रकमेत खरे तर तीन-चार प्रकारचे पैसे असतात आणि त्यांतला एक प्रकार म्हणजे तुम्हीच गुंतवलेले मुद्दल. मुद्दल परत आले तर त्या दिवशी त्यावर कर नसतो, पण त्याची नोंद ठेवावी लागते. नोंद नसेल तर काही वर्षांनी युनिट्स विकताना नफा चुकीचा निघतो आणि नोटीस आली तर दाखवायला हाताशी काही नसते.

हा लेख भारतात राहणाऱ्या, डीमॅट खात्यात शेअर बाजारातील युनिट्स ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारासाठी आहे. म्युच्युअल फंडाच्या आयडीसीडब्ल्यूचा, म्हणजे जुन्या ‘डिव्हिडंड प्लॅन’चा, वेगळा नियमही पुढे पाहू. आकडेमोड पाचवी-सहावीच्या गणिताची आहे, घाबरण्यासारखे काही नाही.

मुद्दल परत येते ते कुठून

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने रीट आणि इन्व्हिटचे नियम २०१४ मध्ये केले. इन्व्हिट बाजारात आधी आली. २०१७ मध्ये आयआरबी इन्व्हिट फंड आणि इंडिया ग्रिड ट्रस्ट यांची शेअर बाजारात नोंदणी झाली. पहिले रीट एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ चे. नंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड इंडिया, नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट अशी भर पडत गेली. ऐरोली आणि खराडीतली आयटी पार्क, सीवूड्सचा मॉल, तळेगाव ते अमरावती टोल रस्ता अशा मालमत्ता या ट्रस्टांकडे आल्या, तेव्हा त्यांच्या भाड्यात आणि टोलमध्ये आपल्याकडच्या छोट्या गुंतवणूकदारालाही वाटा घेता येऊ लागला. पूर्वी त्यासाठी मोठी रक्कम लागायची. २०२१ मध्ये सेबीने बाजारातली किमान खरेदी एका युनिटवर आणली आणि दार खरे उघडले.

ट्रस्टची रचना समजली की कराचे निम्मे कोडे सुटते. इमारत किंवा रस्ता सहसा ट्रस्टच्या थेट नावावर नसतो. तो एका वेगळ्या कंपनीकडे असतो, तिला एसपीव्ही म्हणतात. युनिट विकून ट्रस्टने जमवलेला पैसा एसपीव्हीला बराचसा कर्ज म्हणून आणि थोडा भागभांडवल म्हणून दिला जातो. एसपीव्ही भाडे किंवा टोल गोळा करते, खर्च भागवते आणि उरलेल्या पैशांतून ट्रस्टला व्याज देते, लाभांश देते आणि कर्जाचे मुद्दलही थोडेथोडे फेडते. नियमाप्रमाणे वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावीच लागते. त्यामुळे फेडलेले मुद्दलही वितरणातून तुमच्यापर्यंत येते.

शेजाऱ्याला उसने दिलेले लाख रुपये त्याने हप्त्याहप्त्याने परत केले, तर त्यातले व्याज तुमचे उत्पन्न आणि मुद्दल तुमचेच. इथेही तत्त्व तेच आहे.

टोल रस्त्याच्या इन्व्हिटमध्ये ही मुद्दलाची परतफेड अगदी खरी असते, हे नव्या गुंतवणूकदाराने नीट लक्षात घ्यावे. सरकारशी झालेल्या टोल कराराची मुदत संपली की ट्रस्टचा टोल बंद होतो आणि रस्ता सरकारकडे जातो. ट्रस्टने मध्ये नवी मालमत्ता घेतली नाही तर शेवटी वाटायला काही उरत नाही. म्हणून ‘११ टक्के वितरण’ अशी जाहिरात पाहिली की आधी विचारावे, यातले माझेच पैसे किती? कार्यालयाच्या इमारतीचे तसे नसते. कर्ज फिटले तरी इमारत उभी असते, भाडे येत राहते. दोन्हीकडे कराचा नियम एकच असला तरी गुंतवणूक म्हणून त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहू नये.

पायरी १ : फोड मिळवा

वितरण जाहीर झाले की ट्रस्ट शेअर बाजाराला कळवतो आणि त्यात प्रति युनिट रकमेची फोड दिलेली असते: व्याज इतके, लाभांश इतका, कर्जाची परतफेड इतकी, इतर उत्पन्न इतके. मुद्दलाच्या भागाला प्रत्येक ट्रस्ट वेगळे नाव देतो. कोणी ‘रिपेमेंट ऑफ डेट’ लिहितो, कोणी ‘रिटर्न ऑफ कॅपिटल’, कोणी ‘अमॉर्टायझेशन ऑफ एसपीव्ही डेट’. नावे तीन असली तरी करासाठी गोष्ट एकच आहे.

बँकेच्या नोंदीवर विसंबू नका. तिथे बहुधा टीडीएस कापून उरलेली एकच रक्कम दिसते. खरा कागद म्हणजे ‘फॉर्म ६४बी’. आर्थिक वर्ष संपल्यावर ३० जूनपर्यंत ट्रस्टने तो प्रत्येक युनिटधारकाला द्यायचा असतो. तो ईमेलवर येतो, नाहीतर केफिन टेक्नॉलॉजीज, एमयूएफजी इनटाइम यांच्यासारख्या रजिस्ट्रारकडून किंवा ट्रस्टच्या संकेतस्थळावरून मिळवता येतो. ज्यांच्याकडे रीट किंवा इन्व्हिट आहे त्यांनी हा फॉर्म हातात येईपर्यंत विवरणपत्र भरण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात कराचा परतावा लवकर मिळावा म्हणून भरलेले विवरणपत्र नंतर सुधारत बसावे लागते.

एक बारकावा तारखेचा. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे वितरण साधारण मे महिन्यात हातात येते. ट्रस्टसाठी ते मागच्या वर्षाचे, तुमच्यासाठी ज्या वर्षात वाटले त्या वर्षाचे. तुमच्या वहीत नेहमी वाटपाची तारीख लिहा, तिमाहीचे नाव नको.

पायरी २ : प्रत्येक भाग आपल्या खात्यात टाका

व्याजाचा भाग पूर्ण करपात्र असतो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो. निवासी व्यक्तीला देताना ट्रस्ट त्यावर १० टक्के टीडीएस कापतो. बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजाला टीडीएससाठी किमान मर्यादा असते, तशी ती इथे नाही. पहिल्या रुपयापासून कपात होते. चार-पाच युनिट्स असलेल्यांनाही फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर कापलेल्या कराच्या उताऱ्यात) कलम १९४एलबीएची छोटीशी नोंद का दिसते, त्याचे कारण हे.

लाभांशाच्या भागात थोडे थांबावे लागते. एसपीव्हीने कंपनीकराचा २२ टक्क्यांचा सवलतीचा दर, म्हणजे कलम ११५बीएए, निवडलेला नसेल तर तिच्याकडून आलेला लाभांश तुमच्या हातात करमुक्त असतो. निवडला असेल तर तो करपात्र असतो आणि त्यावरही १० टक्के टीडीएस कापला जातो. हे तुम्हाला शोधावे लागत नाही. फॉर्म ६४बीमध्ये करमुक्त लाभांश आणि करपात्र लाभांश वेगळे दाखवलेले असतात. काही रीटच्या वितरणात करमुक्त लाभांशाचा वाटा मोठा असतो, काहींत व्याजाचा. ज्यांचा स्लॅब ३० टक्क्यांचा आहे त्यांनी खरेदीपूर्वी मागच्या सात-आठ तिमाहींची फोड पाहावी. एकूण वितरण सारखे असलेल्या दोन ट्रस्टांत करानंतर हातात उरणारी रक्कम बरीच वेगळी निघू शकते.

रीटने एखादी इमारत थेट स्वतःच्या नावावर ठेवली असेल तर त्या भाड्याचा भागही तुमच्या हातात करपात्र असतो. ट्रस्टच्या ‘इतर उत्पन्ना’वर ट्रस्टने स्वतः कर भरलेला असतो, म्हणून तो भाग तुमच्याकडे पुन्हा करपात्र होत नाही.

उरला तो मुद्दलाचा भाग. त्यावर टीडीएस नाही आणि बहुतेक गुंतवणूकदारांना तो मिळाला त्या वर्षी करही नाही. पण कर नाही म्हणजे हिशोब संपला, असा समज करून घेऊ नका.

हा नियम आला कसा

२०२३ पूर्वी या भागाबाबत कायद्यात स्पष्ट तरतूद नव्हती. परत आलेले मुद्दल मिळताना करातून सुटायचे आणि विक्रीच्या वेळी खरेदी किंमतही पूर्ण धरली जायची. म्हणजे एकच रक्कम दोनदा सुटायची. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ही फट बुजवण्याचा प्रस्ताव मांडला. त्या पहिल्या प्रस्तावात हा सगळा भाग ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ म्हणून स्लॅबने करपात्र होणार होता. स्वतःचेच मुद्दल परत घेताना ३० टक्के कर भरायचा, हे कोणत्याही अर्थाने न्याय्य नव्हते आणि त्यावर जोरदार आक्षेप आले. मार्चमध्ये वित्त विधेयक मंजूर होताना तरतूद बदलली: इश्यू किमतीपर्यंतचे (ट्रस्टने युनिट मुळात ज्या किमतीला दिले तिथपर्यंतचे) मुद्दल खरेदी किमतीतून वजा करायचे, त्यापुढचे उत्पन्न धरायचे. आकारणी वर्ष २०२४-२५ (म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४) पासून हाच नियम लागू आहे. कर टाळता येत नाही आणि मुद्दलावर लगेच करही पडत नाही, म्हणून मला ही तडजोड योग्य वाटते. त्यासाठी नोंदी ठेवण्याचे काम मात्र गुंतवणूकदाराच्या गळ्यात आले.

पायरी ३ : मुद्दलाची वही

एक्सेल उघडा किंवा साधी वही घ्या. प्रत्येक खरेदीला स्वतंत्र पान द्या. सगळ्या युनिट्सची एकत्र सरासरी काढू नका, कारण डीमॅटमध्ये विक्री करताना आधी घेतलेली युनिट्स आधी विकली असे धरले जाते आणि प्रत्येक खरेदीला मिळालेले मुद्दल वेगळे असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेने एका इन्व्हिटची ५०० युनिट्स एप्रिल २०२२ मध्ये ₹११८ ने घेतली. पुढे ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आणखी २०० युनिट्स ₹१०६ ने घेतली. इन्व्हिटची इश्यू किंमत ₹१०० होती. कर्जाच्या परतफेडीचा प्रति युनिट भाग असा आला:

२०२२-२३ : ₹२.४०
२०२३-२४ : ₹३.१०
२०२४-२५ : ₹३.०० (मे ०.७०, ऑगस्ट ०.८०, नोव्हेंबर ०.७५, फेब्रुवारी ०.७५)
२०२५-२६ : ₹३.२०

पहिल्या खरेदीला चारही वर्षांचे पैसे मिळाले, एकूण ₹११.७०. म्हणून त्या ५०० युनिट्सची करासाठीची खरेदी किंमत ११८ वजा ११.७०, म्हणजे ₹१०६.३० प्रति युनिट झाली. दुसरी खरेदी झाली तेव्हा २०२४-२५ चे मे आणि ऑगस्टचे वितरण होऊन गेले होते. त्या युनिट्सवर त्या वर्षी फक्त नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचे, म्हणजे ₹१.५० मिळाले आणि पुढच्या वर्षी ₹३.२०. एकूण ₹४.७०. त्यांची किंमत १०६ वजा ४.७०, म्हणजे ₹१०१.३०.

आता समजा मार्च २०२६ मध्ये त्यांनी पहिली ५०० युनिट्स ₹११० ने विकली. डोळ्यांना दिसते ते असे: ११८ ला घेतली, ११० ला विकली, युनिटमागे ₹८ तोटा, एकूण ₹४,००० तोटा. कायद्याच्या हिशोबाने मात्र ११० वजा १०६.३०, म्हणजे युनिटमागे ₹३.७० नफा, एकूण ₹१,८५० नफा. तोटा समजून त्यांनी तो शेअरच्या नफ्यातून वजा केला किंवा पुढच्या वर्षी ओढला, तर विवरणपत्र चुकीचे ठरेल. फरक ₹५,८५० चा आहे, म्हणजे नेमके ११.७० गुणिले ५००. परत आलेले मुद्दल.

इथे रक्कम लहान दिसते. पण ज्यांनी निवृत्तीचे दहा-वीस लाख रुपये इन्व्हिटमध्ये ठेवले आणि सात-आठ वर्षे वितरण घेतले, त्यांच्याकडे हाच फरक लाखांत जातो.

ब्रोकरच्या ॲपमधला नफ्या-तोट्याचा तक्ता यासाठी पुरेसा नाही. त्यात खरेदी आणि विक्री असते, मधल्या काळात परत आलेले मुद्दल सहसा वजा केलेले नसते. तो तक्ता जसाच्या तसा सीएकडे पाठवला तर चूकही जशीच्या तशी विवरणपत्रात उतरते. सीएंना वही द्या आणि ‘यात रीट-इन्व्हिट आहे’ असे तोंडाने सांगा. शेकडो व्यवहारांच्या यादीत दोन ओळी कोणाच्याही नजरेतून सुटू शकतात.

इश्यू किमतीची मर्यादा

मुद्दल म्हणून वाटलेली रक्कम किती काळ करमुक्त राहते? त्या युनिटवर सुरुवातीपासून वाटलेले एकूण मुद्दल इश्यू किमतीइतके होईपर्यंत. त्यापुढचा प्रत्येक रुपया ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ म्हणून स्लॅबने करपात्र. कायद्यात हे कलम ५६(२)(बारा) मध्ये आहे.

समजा इश्यू किंमत ₹१०० आहे आणि आजवर ₹९६ वाटून झाले आहेत. यंदा ₹६ आले. एकूण १०२ झाले, त्यातून १०० वजा केले तर ₹२ करपात्र. उरलेले ₹४ तुमच्या खरेदी किमतीतून वजा करायचे. पुढच्या वर्षी ₹५ आले तर एकूण १०७. त्यातून १०० आणि आधी कर लागलेले २ वजा केले की ₹५ उरतात, म्हणजे त्या वर्षीची सगळी रक्कम करपात्र.

नवखे गुंतवणूकदार नेमके इथे अडखळतात, कारण दोन हिशोब वेगवेगळे चालतात. ₹१०० ची मर्यादा मोजताना त्या युनिटच्या आधीच्या धारकांना मिळालेले मुद्दलही धरले जाते, आणि तुलना इश्यू किमतीशी होते, तुम्ही बाजारात मोजलेल्या किमतीशी नाही. तुमची खरेदी किंमत कमी करताना मात्र तुम्हाला स्वतःला मिळालेलेच मुद्दल वजा होते. वरच्या शिक्षिकेने ११८ ला युनिट घेतले असले तरी तिची मर्यादा १०० चीच. म्हणून जुन्या, बरेच मुद्दल वाटून झालेल्या टोल इन्व्हिटची युनिट्स बाजारातून घेण्यापूर्वी आजवर प्रति युनिट किती मुद्दल वाटले ते ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाहा. ती मर्यादा जवळ आली असेल तर आज करमुक्त दिसणारी रक्कम लवकरच स्लॅबमध्ये येईल. रीटमध्ये बहुतेकांना अजून ही चिंता करण्याचे कारण नाही.

पायरी ४ : विक्री

बाजारात विकलेली युनिट्स १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली असतील तर नफा दीर्घकालीन. पूर्वी यासाठी ३६ महिने लागायचे. २३ जुलै २०२४ पासून मुदत १२ महिन्यांवर आली. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर, तोही शेअर, इक्विटी म्युच्युअल फंड आणि ही युनिट्स मिळून वर्षाचा नफा ₹१.२५ लाखांच्या वर गेला तरच. १२ महिन्यांच्या आत विकले तर २० टक्के.

हे दर पाहिले की नियमाचा फायदा दिसतो. व्याजावर तुम्ही स्लॅबने, म्हणजे कदाचित ३० टक्क्यांनी कर भरता. मुद्दलावरचा कर विक्रीपर्यंत पुढे ढकलला जातो आणि तेव्हा तो भांडवली नफ्याच्या कमी दराने लागतो, कधीकधी सव्वा लाखाच्या सवलतीत पूर्ण मावतो. प्रामाणिकपणे नोंद ठेवणाऱ्याला कायद्याने दिलेली ही सवलत आहे.

पायरी ५ : विवरणपत्र

रीट-इन्व्हिटचे उत्पन्न असेल तर साधा आयटीआर-१ पुरत नाही. आयटीआर-२ घ्यावा, व्यवसाय असेल तर आयटीआर-३. त्यात ‘शेड्यूल पीटीआय’ नावाचा भाग आहे. ट्रस्टचे नाव आणि पॅन तिथे भरायचा आणि फॉर्म ६४बीप्रमाणे व्याज, लाभांश, करमुक्त भाग वेगवेगळ्या ओळींत टाकायचे. टीडीएस २६एएसशी जुळवा. विक्री झाली असेल तर भांडवली नफ्याच्या तक्त्यात वजा करून आलेली खरेदी किंमत लिहा, मूळ किंमत नाही.

मर्यादेच्या आतले मुद्दल उत्पन्न नाही, म्हणून ते उत्पन्नाच्या रकान्यात टाकू नका. ते का टाकले नाही याचा पुरावा म्हणजे तुमची वही आणि फॉर्म ६४बी, म्हणून प्रत्येक वर्षाचा फॉर्म पीडीएफ करून ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र जुन्या १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरायचे आहे. त्यानंतरच्या वर्षांसाठी वर दिलेले क्रमांक पाठ करून उपयोग नाही, हिशोब समजून घ्या.

आयडीसीडब्ल्यू : इथे मुद्दलावरही कर लागतो

म्युच्युअल फंडात ज्याला पूर्वी ‘डिव्हिडंड प्लॅन’ म्हणायचे, त्याचे नाव सेबीने १ एप्रिल २०२१ पासून ‘इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉवल’ केले. फंड जो पैसा वाटतो त्यात तुमचे स्वतःचे भांडवलही असू शकते, हे नावातच सांगावे हा हेतू होता आणि तो स्तुत्य आहे. खाते उताऱ्यात उत्पन्नाचा आणि भांडवलाचा भाग वेगळा दाखवायचाही नियम आहे. ही फोड पाहून अनेकांना वाटते की रीटप्रमाणे भांडवलाचा भाग करातून वगळता येईल. तसे नाही. आयकराच्या दृष्टीने मिळालेली सगळी रक्कम उत्पन्न, स्लॅबप्रमाणे करपात्र. वर्षाला ₹१०,००० च्या वर गेली तर १० टक्के टीडीएस. आणि खरेदी किंमत कमी होत नाही.

आकड्यांत पाहू. ₹२० एनएव्हीने (एका युनिटच्या मूल्याने) ५,००० युनिट्स घेतली, गुंतवणूक एक लाख. काही दिवसांत एनएव्ही ₹२०.४० झाली आणि फंडाने युनिटमागे ₹१ वाटला. हातात ₹५,००० आले, एनएव्ही ₹१९.४० वर उतरली. खरी वाढ फक्त ₹२,००० ची, कर मात्र ₹५,००० वर. ३० टक्के स्लॅबला ₹१,५०० आणि वर उपकर. पुढे १९.४० ने सगळे विकले तर ₹३,००० भांडवली तोटा दिसेल, पण तो या वितरणाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

त्याच फंडाच्या ग्रोथ प्लॅनमधून ₹२०.४० एनएव्हीने ₹५,००० काढले असते, तर सुमारे २४५ युनिट्स विकली गेली असती आणि करपात्र नफा ₹९८ च्या आसपास. बाकी सगळे मुद्दल. दरमहा ठरावीक रक्कम हवी असलेल्या निवृत्त मंडळींना एसडब्ल्यूपी (फंडातून ठरावीक रक्कम नियमित काढण्याची सोय) घ्यायला मी आग्रहाने सांगतो, ते याच कारणाने. ‘दरमहा एक टक्का डिव्हिडंड’ सांगून आयडीसीडब्ल्यू विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: यातला किती टक्के माझा स्वतःचा पैसा, आणि त्यावर मी कर का भरू?

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडेसे

अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथल्या रीट किंवा फंडाकडून फॉर्म १०९९-डिव्ह येतो. त्यातला तिसरा रकाना म्हणजे परत आलेले भांडवल. ते त्या वर्षी करपात्र नसते, खरेदी किमतीतून वजा होते, आणि किंमत शून्यावर आली की पुढची रक्कम भांडवली नफा ठरते. कॅनडात टी३ स्लिपवरचा ४२ वा रकाना हेच काम करतो. तिथे समायोजित किंमत उणे झाली की तेवढा नफा त्याच वर्षी धरला जातो. भारतीय नियमात मर्यादा इश्यू किमतीची आहे, तिकडे तुमच्या स्वतःच्या खरेदी किमतीची. दोन्ही देशांत गुंतवणूक असेल तर दोन वह्या वेगळ्या ठेवा. आणि अनिवासी म्हणून भारतातील रीट-इन्व्हिट घेतली असतील, तर व्याजावरचा टीडीएस मूळ ५ टक्के आणि वर अधिभार-उपकर असा असतो, निवासी व्यक्तीचे १० टक्के नाही. बँक आणि डीमॅट खात्यात अनिवासी दर्जा नोंदवलेला आहे ना, ते तपासा.

वारसाने किंवा भेट म्हणून आलेली युनिट्स

आई-वडिलांकडून युनिट्स आली तर त्यांची खरेदी किंमत तुमची खरेदी किंमत होते. त्यासोबत त्यांना मिळालेले मुद्दलही तुमच्या हिशोबात येते. म्हणजे वडिलांच्या नावावर असताना जी परतफेड झाली, तीही वजा करायची. त्यांच्या काळातली वही नसेल तर त्यांचे फॉर्म ६४बी त्यांच्या ईमेलमध्ये शोधा.

तेही सापडले नाहीत, किंवा तुम्ही स्वतःच आजवर नोंद ठेवली नसेल, तरी वही नव्याने उभी करता येते. डीमॅट उताऱ्यातून खरेदीच्या तारखा आणि युनिट्स काढा. ट्रस्टच्या संकेतस्थळावर वितरणाचा इतिहास असतो. नसेल तर एनएसई किंवा बीएसईवर त्या ट्रस्टच्या नावाखाली जुन्या घोषणा मिळतात, त्यात रेकॉर्ड डेट आणि प्रति युनिट फोड असते. ज्या रेकॉर्ड डेटला युनिट्स तुमच्या (वारसाने किंवा भेट आली असतील तर आधी देणाऱ्याच्या) नावावर होती तेवढीच वितरणे घ्या, मुद्दलाचा आकडा युनिट्सनी गुणा आणि बँकेत त्या तारखेच्या आसपास जमा झालेल्या रकमेशी ताडून पाहा. टीडीएस धरून आकडा जुळला पाहिजे. एका ट्रस्टच्या चार-पाच वर्षांसाठी एक निवांत दुपार पुरते.

जुन्या वर्षात युनिट्स विकून तोटा चुकीचा दाखवला असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग सीएंना विचारा. तो तोटा पुढे ओढून यंदाच्या नफ्यातून वजा करण्यापूर्वीच विचारा.